ल्यूट हाती घेताना: पहिल्या खुंटीपासून पहिल्या बैठकीपर्यंत

गिटार येणाऱ्याला ल्यूट, म्हणजे गोल पाठीचं जुनं युरोपी तंतुवाद्य, ओळखीचं वाटतं. डाव्या हाताने पडद्यांवर तार दाबायची, उजव्याने छेडायची, यात नवं ते काय? पण हे वाद्य इतकं हलकं असतं, त्याची तबली इतकी पातळ असते (जेमतेम दीड-दोन मिलिमीटर) आणि तारांवरचा ताण इतका कमी असतो, की गिटारच्या सवयीचा हात पडला की आवाज फाटतो. गिटारच्या तारेवर साधारण ७ किलोचा ताण असतो, ल्यूटच्या एका तारेवर ३ ते ४ किलोचा. या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ल्यूटला आपल्या सवयी लावू नका. सोळाव्या शतकातल्या वादकांनी त्यांच्या सवयी छापील पुस्तकांत लिहून ठेवल्या आहेत, त्या आपल्या हाताला लावा. त्या काळचं संगीत मग बोटांखाली सोपं होत जातं.

कोणतं ल्यूट?

ल्यूट म्हणजे एकच वाद्य नव्हे. १५०० च्या सुमाराला त्याला सहा जोड असत. जोड म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या आणि एकदम वाजणाऱ्या दोन तारा. सर्वांत उंच सुराची तार मात्र बहुतेक वेळा एकटीच असते. १६०० पर्यंत सात-आठ जोड झाले, पुढे दहा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जुळणीच बदलली आणि अकरा जोडांचं बरोक ल्यूट आलं. त्याच परंपरेत जर्मन ल्यूटवादक सिल्व्हियस लिओपोल्ड वाइसच्या काळापर्यंत तेरा जोड झाले. याखेरीज साथीसाठी थिऑर्बो आहे. लांबच लांब मानेच्या या वाद्याच्या वरच्या दोन तारा एक सप्तक खाली जुळवलेल्या असतात. स्पेनमध्ये गिटारच्या आकाराची विउएला होती, तिची जुळणी मात्र ल्यूटचीच.

सुरुवातीला सात किंवा आठ जोडांचं रेनेसां ल्यूट (सोळाव्या शतकाच्या धर्तीचं) घ्या, ‘जी’च्या जुळणीचं, घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी ५९-६० सेंटिमीटर असलेलं. त्यावर १५०७ मध्ये व्हेनिसला छापलेल्या पहिल्या ल्यूट-पुस्तकापासून इंग्लंडच्या ल्यूटवादक जॉन डाउलंडपर्यंत जवळपास सगळं बसतं. थिऑर्बो बघून मोह होतो, तो आवरा. त्या वाद्यावरचं मुख्य काम म्हणजे खर्जाच्या ओळीवरून साथ रचत जाणं, आणि त्यासाठी स्वरसंवादाचा पाया आधी पक्का लागतो.

वाद्य हाती येईपर्यंत घरच्या गिटारवर तयारी करता येते. तिसरी तार ‘जी’वरून अर्धा स्वर उतरवून एफ शार्प करा आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. झाली ल्यूटची जुळणी. खालून वर जी, सी, एफ, ए, डी, जी. आपल्या भाषेत, जी हा षड्ज धरला तर मंद्र सा, मंद्र म, मंद्र कोमल नी, मध्य रे, मध्य प आणि तार सा. उजव्या हाताची नखं मात्र आजच कापा. पुढे कळेल का ते.

वाद्य मिळवताना

भारतात दुकानात जाऊन ल्यूट उचलता येईल अशी स्थिती नाही. परदेशात राहणाऱ्यांना एक सोय आहे. इंग्लंडची ल्यूट सोसायटी १९५६ पासून चालते, अमेरिकेतली १९६६ पासून. या संस्था सभासदांना भाड्याने वाद्य देतात. घेण्याआधी एक वर्ष भाड्याचं वाजवणं हा सर्वांत शहाणा मार्ग. इथून मागवायचं असेल तर कारागिराला तुमच्या गावाची हवा आधी कळवा. रत्नागिरीसाठीच्या आणि औरंगाबादसाठीच्या वाद्याला लाकूड मुरवण्याची गरज वेगळी असते.

इंटरनेटवर ‘जुनं जर्मन ल्यूट’ म्हणून स्वस्तात विकली जाणारी वाद्यं बारकाईने पाहा. पाठ भोपळ्यासारखी गोल, पण तारा सहाच, त्याही एकेकट्या, आणि पडदे धातूचे ठोकलेले. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ल्यूटच्या वेशातली गिटारं आहेत. गाण्याच्या साथीला ती गोड लागतात, पण त्यांवर ल्यूटची तालीम होत नाही. खऱ्या ल्यूटचे पडदे तातेचे (आतड्याच्या दोऱ्याचे) असतात, मानेभोवती गाठ मारून बांधलेले, सरकणारे. खुंट्यांची पेटी जवळजवळ काटकोनात मागे वळलेली असते. तबलीवरची गुलाबनक्षी त्याच लाकडात कोरलेली असते, वरून चिकटवलेली नसते.

हातात घेतल्यावर आधी खुंट्या फिरवून बघा. पंधरा खुंट्यांपैकी चार जरी अडकत किंवा घसरत असतील तर रोजचा रियाज जुळवण्यातच संपेल. अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण आणि घसरणारीला खडू, हा तंबोऱ्याचा घरगुती उपाय इथेही चालतो. खुंटीच नीट बसत नसेल तर मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना ते दुखणं नवं नाही. तबली उघडण्याचं काम मात्र ल्यूट बनवणाऱ्याकडेच द्या.

बैठक

गोल पाठ मांडीवरून घसरते, आणि डावा हात वाद्य सावरण्यात अडकला की वादन संपलं. म्हणून पट्टा लावा. खुंट्यांच्या पेटीपासून तळाच्या बटणापर्यंत पट्टा घ्या, तो पाठीमागून किंवा मांडीखालून जाऊ द्या, आणि मांडीवर मऊ चामड्याचा किंवा रबरी जाळीचा तुकडा ठेवा. मान किंचित वर. दोन्ही हात सोडले तरी वाद्य जागच्या जागी राहिलं पाहिजे. ते जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उजवा हात

सगळं इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत ल्यूट पिसाच्या नखीने वाजत असे. एका वेळी दोन-तीन सुरावटी एकत्र वाजवायची ओढ लागली तशी वादकांनी नखी सोडली आणि बोटं वापरली. पण हाताची दिशा नखी धरल्यासारखीच राहिली. त्यातून जी पद्धत निघाली ती अशी: कोपराकडचा हात तारांना जवळजवळ समांतर येतो, करंगळी तबलीवर हलकेच टेकते आणि अंगठा तर्जनीच्या *खालून*, तळव्याच्या आत जातो. गिटारमध्ये अंगठा बाहेर, बोटांच्या पुढे असतो. इथे नेमकं उलट.

असं करून पाहा. करंगळी गुलाबनक्षी आणि घोडी यांच्या मधे टेकवा. दाब देऊ नका, फक्त स्पर्श. दुसऱ्या जोडावर (जोड बारीक तारेकडून मोजतात) अंगठ्याचा मांसल भाग ठेवा आणि हात मनगटापासून नव्हे, कोपरापासून हलका फिरवत तार खाली ढकला. तार ओढून वर काढायची नाही, तबलीच्या दिशेने किंचित दाबून सोडायची. मग तर्जनीने त्याच जोडावर परत. अंगठा, तर्जनी, अंगठा, तर्जनी. दोन्ही तारा एकदम लागल्या पाहिजेत. एकच लागली तर आवाज बारीक येतो, कान लगेच ओळखतो. नखं असतील तर ती जोडातल्या एका तारेला आधी खरवडतात, म्हणून ती कापायची. नखाने वाजवणारेही होते, इटलीत अलेस्सांद्रो पिच्चिनिनीने १६२३ मध्ये नखांची बाजू घेतली आहे. पण त्याचं संगीत आणि वाद्य दोन्ही पुढच्या काळातले. सुरुवात बोटाच्या मांसानेच करावी असं माझं ठाम मत आहे.

अंगठ्याचा आघात जड पडतो, तर्जनीचा हलका. हा फरक पुसायचा नाही. जोरकस मात्रेवर अंगठा आणि हलक्या मात्रेवर तर्जनी, हाच या संगीताचा श्वास आहे. सतार शिकलेल्यांना ‘दा’ आणि ‘रा’ यांतलं अंतर हाताला माहीत असतं, त्यांनी तेच इथे आणावं. जलद तानांसारख्या ओळी या दोन बोटांनीच वाजतात. जुन्या टॅब्लेचरमध्ये (कोणती तार कोणत्या पडद्यावर दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीत) अक्षराखाली एक टिंब असेल तर तर्जनी, टिंब नसेल तर अंगठा. संपादकाने नव्याने घातलेल्या बोटांच्या खुणांपेक्षा या टिंबांवर विश्वास ठेवा.

रोज रियाजाच्या सुरुवातीला फक्त मोकळ्या जोडांवर, खालून वर आणि वरून खाली, हे अदलाबदलीचं काम करा. लय ठाय ठेवा. आवाज वाढवायचा मोह झाला की हात घोडीकडे सरकतो आणि सूर कडक होतो. ल्यूटला मोठा आवाज नाहीच, त्याला *जवळचा* आवाज आहे. एकदा जोड नीट लागायला लागला की तो आपोआप दूर पोचतो.

सतराव्या शतकात खर्जाचे जोड वाढले तसा अंगठा बाहेर आला. ते संगीत वाजवाल तेव्हा तसं करा. दोन्ही पद्धती एकदम शिकू नका.

डावा हात

याबद्दल थोडक्यात. पडद्याच्या अगदी मागे, कमीत कमी दाबाने. आणि बोट ठेवलं की गरज पडेपर्यंत उचलायचं नाही. टॅब्लेचर स्वर कधी सुरू होतो ते सांगतं, कधी थांबतो ते सांगत नाही. कोणता स्वर किती रेंगाळला पाहिजे ते तुमच्या न उचललेल्या बोटांनी ठरतं. खर्जाचा स्वर टिकून राहिला आणि वर सुरावट चालली, की एकाच वाद्यातून दोन गळे ऐकू येतात.

पडदे सरकवणं

गिटारवाल्यांना हे नवलाचं वाटेल, सतारवाल्यांना नाही: पडदे तुम्ही लावायचे. पहिला पडदा जाड, साधारण १ मिलिमीटर तातेचा, आणि पुढचे क्रमाने बारीक होत आठवा ०.६ च्या आसपास. मानेवर बांधलेले आठेक पडदे असतात, त्यापुढचे लाकडी पट्ट्यांचे, तबलीवर चिकटवलेले.

हार्मोनियमचे स्वर समान अंतराने विभागलेले असतात. त्यातला गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. सोळाव्या शतकातल्या युरोपी कानालाही गंधार उतरलेला, शांत हवा होता. म्हणून कळपट्टीच्या वाद्यांवर पंचम किंचित उतरवून गंधार गोड करण्याची रीत होती. तिला मीनटोन म्हणतात. ल्यूटवाल्यांत दोन मतं होती: मीनटोन की समान विभागणी. व्हिन्चेंझो गॅलिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ मध्ये प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर बांधायचं सांगितलं. तो हिशेब समान विभागणीच्या अगदी जवळ जातो. आज बरेच वादक सौम्य, १/६ कॉमा मीनटोन (प्रत्येक पंचम एका कॉमाच्या, म्हणजे सुमारे २२ सेंटच्या, सहाव्या भागाने उतरवलेला) वापरतात आणि मीही तुम्हाला तेच सुचवेन. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला त्यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

६० सेंटिमीटरच्या तारेसाठी वरच्या पट्टीपासूनची अंतरं सांगतो. समान विभागणीत दुसरा पडदा ६५.५ मिलिमीटरवर येतो, १/६ मीनटोनमध्ये ६४.५ वर. तिसरा ९५.५ ऐवजी ९७ वर. चौथा १२४ ऐवजी १२२ वर. चौथ्या पडद्यावर जवळजवळ सगळ्या जोडांचे शुद्ध गंधारच पडतात, त्यामुळे तो खाली घेतला की सगळं वाद्य एकदम निवतं.

खरी अडचण पहिल्या पडद्याची. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडावर ई फ्लॅट आणि बी फ्लॅट हवेत, त्यांना मोठा अर्धस्वर लागतो, म्हणजे पडदा ३६ मिलिमीटरवर. चौथ्या जोडावर तिथेच एफ शार्प लागतो, त्याला लहान अर्धस्वर, म्हणजे ३० वर. एक पडदा दोन्हीकडे कसा असेल? बहुतेक जण तो लांबच्या जागी ठेवतात आणि चौथ्या जोडाखाली तातेचा किंवा लाकडाचा एक इवलासा जादा पडदा दोन बाजूंच्या चिकटपट्टीने लावतात. ते नको असेल तर पडदा ३३-३४ वर ठेवून तडजोड करा. दोन्ही मार्ग योग्य आहेत. तुम्ही निवडलेल्या रचनांत कोणता स्वर जास्त येतो ते बघून ठरवा.

जुळवताना जोडातली एक तार कागदाच्या चिठोऱ्याने किंवा बोटाने दाबून गप्प करा, दुसरी जुळवा, मग पहिली तिच्याशी मिळवा. मोबाइलवरच्या काही ट्यूनरमध्ये मीनटोन निवडता येतं, सुरुवातीला त्याचा आधार घ्या. शेवटचा हात मात्र कानाचाच हवा. चौथ्या जोडाच्या दुसऱ्या पडद्यावरचा जी, सहावा मोकळा जोड आणि पहिली मोकळी तार, तिन्ही सप्तकांतले जी एकमेकांत विरघळले पाहिजेत.

टॅब्लेचर

इथे स्वरलिपीपेक्षा सोपी गोष्ट मिळते. फ्रेंच आणि इंग्रजी टॅब्लेचरमध्ये सहा रेघा असतात, सर्वांत वरची म्हणजे सर्वांत बारीक तार. मोकळी तार ‘ए’, पहिला पडदा ‘बी’, दुसरा ‘सी’. ‘सी’ बहुतेक वेळा ‘आर’सारखा दिसतो, आणि ‘आय’ नंतर ‘जे’ नाही, थेट ‘के’. वर काठ्या आणि झेंडे असतात, ते मात्रा सांगतात, आणि पुढची खूण येईपर्यंत तीच मात्रा चालू राहते.

इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि चित्र उलटं: सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत खर्जाचा जोड. जी मेजरची साधी पकड फ्रेंचमध्ये वरून खाली ए, ए, सी, सी, सी, ए अशी दिसेल, इटालियनमध्ये वरून खाली ०, २, २, २, ०, ०. स्पेनमध्येही आकडेच आणि बहुतेक इटालियन क्रम. फक्त लुइस दे मिलान याच्या १५३६ च्या पुस्तकात आकडे आहेत आणि रेघांचा क्रम फ्रेंचांसारखा. जर्मन पद्धतीत रेघाच नाहीत, प्रत्येक जागेला वेगळं चिन्ह. ती सध्या बाजूला ठेवा, त्यातल्या रचना फ्रेंच टॅब्लेचरमध्ये उतरवलेल्या मिळतात.

आधी फ्रेंच पक्की करा, मग इटालियन. आणि शक्य तितक्या लवकर मूळ पानांवरून वाजवा. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १६०० च्या सुमाराच्या मॅथ्यू होम्सने उतरवलेली ल्यूट-हस्तलिखितं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताने लिहिलेली ओळ पाहून ती वाजवता येणं, हे सुख या वाद्याच्या वाट्याला भरभरून आलं आहे. डिजिटल प्रत, संगीताच्या स्टँडवर टॅबलेट, बस्स.

आधी काय वाजवायचं

न्यूरेंबर्गच्या हान्स नॉइझीडलरने १५३६ मध्ये नवशिक्यांसाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या रचना छापल्या. पहिले महिने तिथे घालवा. त्यातला ‘वाशा मेसा’ हा नाच हाताला लय शिकवतो. मग व्हेनिसला १५०८ मध्ये छापलेला जोआन अंब्रोसिओ दाल्झा: त्याच्याकडे पवाना, मग साल्तारेल्लो, मग पिवा असे नाच एकामागून एक, चढत्या लयीत येतात. इंग्रजी छोट्या रचनांत डाउलंडची ‘मिसेस विंटर्स जंप’ घ्या. एका पानाची आहे आणि त्यात सगळं आहे.

त्यानंतरच इटलीच्या फ्रान्चेस्को दा मिलानोचे रिचेरकार (नाचाच्या ठेक्याला न बांधलेल्या मुक्त रचना) आणि स्पेनचा लुइस दे नार्वाएझ. नार्वाएझने १५३८ मध्ये संगीतकार जोस्कँच्या एका गाण्याची ‘सम्राटाचं गीत’ म्हणून विउएलावर केलेली मांडणी, आणि ‘गुआर्दामे लास वाकास’ या सुरावटीवरची रूपं, दोन्ही ल्यूटवर तशीच बसतात. दुसरी रचना शिकताना प्रत्येक रूप वेगळं पाठ करण्याऐवजी खालची खर्जाची चाल आधी पाठ करा. मग तुमची स्वतःची रूपं सुचू लागतील, आणि त्या काळी तेच अपेक्षित होतं. पवानाचा भाग दुसऱ्यांदा वाजवताना तो साधाच परत वाजवणं म्हणजे अर्धी रचना टाकून देणं. मोठ्या स्वरांच्या मधल्या जागा लहान स्वरांनी भरा, मात्र समेवरचे स्वर जागचे हलवू नका.

पावसाळा आणि ताता

मेंढीच्या आतड्याच्या तातेचा सूर अजोड आहे. पण ती हवेतलं पाणी पिते. कोकणात, गोव्यात, मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पूर्ण तातेची जुळणी टिकवणं म्हणजे दर पाच मिनिटांनी खुंटी पिळणं. तिथे नायलगटसारख्या कृत्रिम तातेच्या तारा लावा, त्यात लाज काही नाही. पडदे मात्र खऱ्या तातेचेच ठेवा, गाठ घट्ट बसते.

वाद्य सरसाने जोडलेलं असतं. सरस उष्णतेने आणि ओलीने मऊ होतो, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ल्यूट पाच मिनिटंही सोडू नका. पेटीत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे काटा राहील असं बघा. इंग्लंडच्या थॉमस मेसने १६७६ च्या आपल्या ग्रंथात दमटपणावर उपाय म्हणून ल्यूट दिवसा नेहमीच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवायला सांगितलं आहे, आणि त्यावर कुणी धपकन बसू नये अशी ताकीदही दिली आहे. कोरडी, उबदार, न बदलणारी जागा हवी, हे त्याचं म्हणणं आजही खरं आहे.

लोकांसमोर

पहिला कार्यक्रम घरगुती बैठक असू द्या. वीस-तीस माणसं, पंखे बंद, चाळीस मिनिटं. रचना जुळणीप्रमाणे लावा. सातवा जोड कधी एफ, कधी डी लागतो, म्हणून एफवाल्या सगळ्या आधी आणि डीवाल्या नंतर, म्हणजे मधे एकदाच खुंटी फिरवावी लागेल. सोबत गाणारं कुणी असेल तर डाउलंडची १५९७ ची गाणी घ्या. ती टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी एकाच पुस्तकातून आपापल्या बाजूने वाचावीत अशी छापली होती. गायकाने तुमच्या शेजारीच बसावं, समोर उभं राहू नये.

लयीबद्दल लुइस दे मिलान स्वतः सांगतो: त्याच्या काही फंतासियांत (मुक्त रचनांत) स्वरसमूह सावकाश आणि ताना जलद घ्यायच्या, लय थोडी ताणायची, थोडी सोडायची. मेट्रोनोम घरी ठेवा. नाचाच्या रचनांत मात्र लय पक्की, पावलं पडली पाहिजेत.

मोठ्या सभागृहात माइक लागलाच तर कंडेन्सर माइक अर्ध्या मीटरवर ठेवा, तबलीला चिकटवायचा नाही, आणि आवाज श्रोत्यांना किंचित पुढे झुकावं लागेल इतकाच ठेवायला सांगा. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात किंवा चढतात, म्हणून वेळेच्या अर्धा तास आधी वाद्य मंचावर, पेटी उघडी ठेवून, तिथल्या हवेला सरावू द्या. पहिल्या तारेच्या दोन जादा तारा आणि पडद्यांची तात खिशात असू द्या. आणि सुरुवात दाल्झाच्या ‘तास्तार दे कोर्दे’ने करा. तारा चाचपून पाहण्यासाठीच तो प्रकार आहे: एकेक स्वरसमूह, मधे एखादी ओळ, पुन्हा स्वरसमूह. तेवढ्यात कोणता जोड उतरलाय ते तुम्हाला कळतं, श्रोत्यांचा कान या लहान आवाजाला लागतो, आणि त्याच सुरात पुढचा रिचेरकार उचलता येतो.